अक्रमच्या खाणीतलं लग्न

चि. भिकाजीस अक्काचे उदंड आशीर्वाद. तुझा खोकला थांबला का? केळशीच्या खाऱ्या वाऱ्यात पहाटे उघड्या अंगाने बसू नको, असा दोनदा निरोप धाडला. पण तू ऐकणारा असतास तर आपल्या वडिलांचे केस इतक्या लवकर पिकले नसते. भावजयीस विचारल्याचे सांग. इकडे आम्ही सर्व खुशाल होतो, गेल्या रविवारपर्यंत. (पत्र सूनबाई लिहिते आहे. अक्षर मध्येच वाकडं झालं तर समज, तिला मजकूर पटलेला नाही.)

आता बसून वाच. माझ्या बाबूची अक्षया माघात उजवायची ठरली, हे तुला ठाऊक आहेच. मुलगा सुजय, लांज्याचा. गुणाचा आहे, जेवताना बोलत नाही. पण दोघांनी ठरवलं, आईबापाचा पैसा घ्यायचा नाही, स्वतःच्या शिलकीत लग्न करायचं, आणि तरी ते देखणं हवं. रत्नागिरीतल्या हॉलचं भाडं ऐकून बाबू पंख्याखाली जाऊन बसला. मग पोरीने जागा शोधली. कुठली, तर आपल्या शेजारच्या हफीजाच्या मुलाची, अक्रमची बंद पडलेली चिऱ्याची खाण! का, तर फुकट! अरे, माणसं देवळात लग्न करतात, अंगणात करतात, पळून जाऊनही करतात, पण खड्ड्यात?

रविवारी मी बघायला गेले. वरूनच पाहिलं. तीन पुरुष खोल, चारी बाजूंना तांबड्या भिंती. अक्षया म्हणते, "आजी, सजावट लागतच नाही गो, भिंतीच बघ!" बघितल्या म्हटलं, गिलावा तेवढा राहिलाय. चिरे काढून जे थर उरलेत, त्यांवर पाहुणे बसणार. पांढरेशुभ्र कपडे घालून आलेले व्याही कुठल्या रंगाचे होऊन लांज्याला परततील, देव जाणे. अक्रम म्हणतो, "काकी, मी सगळी झाडून देतो." खाण झाडणार मेला! जेवणात पदार्थ पाच, पाचच. आमंत्रण मोबाईलवर. (सूनबाईला हे सगळं आवडलंय, म्हणून तिला विचारत नाही.)

पण खरा धक्का पुढेच. ट्रक उतरायचा रस्ता पावसात ढासळला, आता उतरायला उंच उंच टप्पे उरलेत. आणि माझे गुडघे तर उंबरठासुद्धा विचार करून ओलांडतात. तेव्हा पोरगी मला जवळ घेऊन म्हणते, "आजी, तू घरीच बस, मी तुला लाइव्ह दाखवते." म्हणजे जिला मी पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, तिच्या अक्षता मी मोबाईलच्या काचेवर टाकू? दोन दिवस मी कोणाशी बोलले नाही. जेवले मात्र.

तेव्हा असल्या लग्नाला मी मुळीच जाणार नाही, हे तिकडे सर्वांना कळव.

तुझी अक्का मथुरा
(अंगठा माझाच आहे.)

ता. क. बाहेरून कानावर येण्याआधी मीच सांगते. खाणीचं नाव पहिल्यांदा मी काढलं. हॉलचं रडगाणं ऐकून कंटाळले आणि म्हटलं, "मग जा, लावा त्या अक्रमच्या खाणीत!" टोमणा होता रे. हल्लीच्या मुलांना टोमणा मारायची सोय नाही. लगेच टेप घेऊन मापं काढायला जातात.

आणखी एक. होडी वर ओढणारे तुझे चारही मुलगे आदल्या दिवशी इकडे धाड, बरोबर एक दणकट खुर्ची. मला खुर्चीसकट खाली न्यायचं, अक्षता पडल्या की वर आणायचं. चौघांच्या खांद्यावरून एकदा जायचंच आहे, पण तेव्हा मला काही बघायला मिळणार नाही. (सूनबाई रडते आहे. वेडी कुठली. लिही गो पुढे: खुर्ची हातांची हवी.)