बैठकीतला खिळा

केदारदादा,

टोकियोहून तू पाठवलेलं चित्र काल तीर्थपुरीला पोचलं. काच बिलकुल फुटली न्हाई. सोबत तुझी चिठ्ठी होती, 'हे लाकडी ठशांनी छापलेलं आहे. चित्रातली बाई खरं तर पुरुष नट आहे. केवढी मोठी कला! बैठकीत लाव.'

बैठकीत एकच खिळा हाय, दादा. त्याच्यावर अण्णांचा तारामतीच्या वेशातला फोटो होता. तुझ्या लग्नाच्या बोलणीला पाहुणे आल्ते तव्हा तूच तो उतरवला. म्हणलास, "बाप लुगडं नेसून उभा राहतो हे दिसलं तर लोक हसतील." त्या वर्षापासून अण्णांनी गावच्या नाटकात काम करणंच सोडलं. मंग जपानचा बाप्या बाईच्या वेशात उभा राह्यला की झाली का रे कला?

चित्र मी कपाटामागं टाकून देणार होते. अण्णांनीच मागून घेतलं अन् चष्मा लावून लई वेळ बघत बसले. त्या नटानं रडू दाबायला बाहीचं टोक दातात धरलंय. अण्णांनी खांद्यावरच्या दस्तीचं टोक तसंच दातात धरून पाह्यलं. म्हणले, "बराबर जमलंय ह्याला." मंग हळूच विचारलं, "मीने, ह्याच्या पोरानं तरी हे भितीवर राहू दिलं असंल का गं?"

हे पत्र टाकलं तर तू फोन करून अण्णांनाच बोलशील, म्हणून टाकत न्हाई. खिळा अजून रिकामाच हाय.

तुझी बहीण,
मीना