तडे कोण बुजवतंय?

४ एप्रिल

काल मोजलेला तडा आज जागेवर नाही! पूर्वेची भिंत, खिडकीखाली, वीतभर लांब. खडूने खूण मी स्वतः केली होती. आज तिथे ओली माती, वर चार बोटांचे ठसे. कोणीतरी बुजवलाय. मुद्दाम.

ऑफिसच्या मागे दोन खोल्या बांधल्यात. एक सिमेंटची, एक मातीची — पश्चिम आफ्रिकेत सात महिने राहून शिकले अगदी तशी. हातभर जाड भिंती, वर बारीक झरोके, भिंतीतून बाहेर डोकावणाऱ्या लाकडी खुंट्या. उन्हाळाभर दोन्हींना हात लावायचा नाही, फक्त तापमान आणि तडे नोंदवायचे, असं मीच समितीला लिहून दिलंय. मेच्या शेवटी समिती ठरवणार, नवी शाळा कशाची बांधायची. भिंतीला कोणी हात लावला तर चाचणी बाद, आणि शाळा सिमेंटची! तिचे नकाशे तयारच आहेत, माझ्या शेजारच्या टेबलावर. दीडशहाण्याच्या.

७ एप्रिल

आणखी एक बुजला. दीडशहाणा सकाळी विचारत होता, काय म्हणतोय तुमचा चिखल? एवढा गोड तो कधी बोलत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय.

९ एप्रिल

गवंडीमामांना आडून आडून विचारलं. ही खोली त्यांनी आणि मी मिळून लिंपली, म्हणून पहिला संशय त्यांच्यावर. मामा रागावले. भिंतीवरच्या ठशाशेजारी आपला पंजा ठेवला. ठशाच्या दीडपट रुंद! ते सुटले, पण दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

वॉचमन म्हणतो, सकाळी सहाला गेट उघडतो, अनोळखी कोणी येत नाही मॅडम. म्हणजे ओळखीचाच आहे.

१० एप्रिल

सुचलं! माती भाताचा कोंडा घालून तीन आठवडे कुजवलेली आहे. तिचा वास हाताला दोन दिवस राहतो, कितीही साबण लावा. म्हणजे हात हुंगले की चोर सापडला.

दीडशहाण्याशी हस्तांदोलन केलं. म्हटलं, वाढदिवसाच्या शुभेच्छा. त्याचा वाढदिवस नव्हता. हाताला सॅनिटायझरचा वास. इतका स्वच्छ हात? तोही संशयास्पदच!

१३ एप्रिल

घरी निराळंच प्रकरण. सासरे हल्ली पहाटे पावणेसहाला फिरायला निघतात, अत्तर लावून! बहात्तराव्या वर्षी! सासूबाईंना जाऊन सहा वर्षं झाली. नवरा हसतो, म्हणतो बागेत कोणीतरी भेटलं असेल बाबांना. मला नाही हसू येत. काहीतरी लपवतायत एवढं नक्की.

विचारणार कोण? आमचं बोलणं जेवायला वाढलंय एवढंच. चाळीस वर्षं काँक्रीट ओतलेला कंत्राटदार! मी आफ्रिकेहून परतले तेव्हा चारचौघांत म्हणाले, चिखल कालवायला शिकायला एवढं लांब जावं लागतं? मी ते विसरलेली नाही.

२१ एप्रिल

ताप. पाच दिवस अंथरुणात, मातीला बोटही लावलेलं नाही. तरी नवरा विचारतो, टॉवेलला तुझ्या चिखलाचा वास कसा? करायचं एकाने आणि भरायचं मी!

२३ एप्रिल

माझी आफ्रिकेतली वही कपाटात उलटी ठेवलेली सापडली. एक पान दुमडलेलं. मी पानं कधीच दुमडत नाही. परवा दीडशहाणा तब्येतीची चौकशी करायला घरी आला होता! मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं जग आंधळं आहे.

तक्रार लिहिली. त्याच्या नावानिशी. उद्या त्याला भिंतीपाशी पकडते आणि तशीच साहेबांच्या टेबलावर कागद ठेवते.

२४ एप्रिल

साडेसहाला पोचले. पकडलं.

एक पाय एका खुंटीवर, दुसरा दुसरीवर, तिसरीला बादली अडकवलेली. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून बाबा भिंत लिंपत होते! माझा जीवच गेला. पडले असते तर? मी ओरडले, थांबा, शिडी आणते.

"शिडी कशाला? या खुंट्या काय शोभेला ठोकल्यास?"

खरंच. तिथे याच खुंट्यांवर चढून सगळं गाव दरवर्षी भिंती लिंपतं. मी त्या मोजल्या, नकाशात काढल्या, इथे बसवल्या. पाय एकदाही ठेवला नाही!

ते सावकाश खाली उतरले. हात मागे लपवले. मग लपवून उपयोग नाही हे कळलं असावं, पुढे घेतले. लांबसडक बोटं, नखांत माती. अत्तर कशासाठी ते तेव्हा कळलं.

"तिकडच्या त्या म्हाताऱ्या गवंड्याचं वाक्य तुझ्या वहीत आहे. भिंत एकटी सोडू नये. मग तूच तिला उन्हाळाभर एकटी कशी सोडलीस?"

ते पान दुमडलेलं, अक्षर माझंच. तिकडची भिंत टिकते ती जाडीमुळे नाही, तिला दरवर्षी हात लागतो म्हणून. आणि मी हात न लावण्याची चाचणी आखली! सात महिने शिकून हे दिवे लावले. लाज वाटली. बाबांसमोर रडू आलं, त्याचीही लाज वाटली. त्यांनी मातीच्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. केसांना अजून वास येतोय.

तक्रार फाडली. दीडशहाण्याचा काही दोष नव्हता. अहवालात सगळं खरं लिहिणार, कोणी किती तडे बुजवले तेसुद्धा. समितीने चाचणी बाद केली तर केली.

२९ मे

समिती बसली. दीडशहाणा उठून म्हणाला, हात लागलाय, चाचणी बाद. नियमाने त्याचंच बरोबर होतं. अध्यक्षबाईंनी अहवाल मिटला. म्हणाल्या, मातीची खोली दुपारी सहा अंशांनी थंड आहे हे मान्य, पण शाळेच्या भिंतींना दरवर्षी हात लावणार कोण?

मी वहीतलं ते दुमडलेलं पान उघडलं. तेवढ्यात मागच्या दारातून अत्तराचा वास आला; बाबा बादली घेऊन उभे होते.