राणीची वही

फरीदाबाद,
१३ नोव्हेंबर २०२५

प्रिय लुंबिनी,

सुरुवात माफीनं करायची एवढं ठरवून बसले आहे, पण माफी नेमक्या किती वर्षांची मागायची ते ठरत नाही. तुझे बाबा, काशीनाथकाका, गेल्याचं मला तुझ्या भावाकडून, प्रफुल्लकडून, तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. तेव्हाच लिहायला हवं होतं. चार ओळी लिहिल्याही, पण त्या इतक्या नीटनेटक्या झाल्या होत्या की मीच फाडून टाकल्या. त्यालाही चार वर्षं झाली. तुझा नंबर आहे माझ्याकडे, पण मेसेज पाठवला की मी दोन निळ्या खुणांकडे बघत बसेन, म्हणून हा कागद.

आधी बातमी. मी अजून त्याच मंत्रालयात आहे, इंग्रजी परिपत्रकांचं हिंदी करते. अनुरागच्या नोकरीमुळे आम्ही फरीदाबादला राहायला आलो आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या सेक्टरमागच्या वस्तीत, कामगारांच्या एका छोट्या वाचनालयात मी दर रविवारी नाटक वाचायला लागले. पहिल्या रविवारी तिघं होते, त्यातला एक पंख्याखाली झोपायला आलेला. आज अकरा आहेत. सगळे विशीच्या आसपासचे. कुणी लेथवर, कुणी पॅकिंगला, कुणी शिलाईला. बहुतेक पूर्णिया, गोंडा, छतरपूर अशा गावांतून आलेले. आणि नाटक कोणतं म्हणशील, तर आपलंच. दिल्लीत शिकताना, मुनिरक्याच्या खोलीत आपण संस्कृतातून मराठीत आणलेलं, राणी दासीचा वेष घेते ते. सात दिवस ती राजाला पाणी देते, राजा तिला ओळखत नाही, आणि शेवटच्या प्रवेशात ती पदर मागे सारते. येत्या तीस तारखेला त्याचा दिल्लीत प्रयोग आहे, खऱ्या थिएटरात, एका महोत्सवाचा पहिला प्रयोग म्हणून. राणीचं काम कुणी करायचं यावरून गेल्या रविवारपासून माझी झोप गेली आहे. तेच सांगायचं आहे, पण क्रमानं सांगते. क्रम सोडला की मी स्वतःला सोयीचं तेवढंच सांगते, तुला ठाऊक आहे.

हिंदी भाषांतर मी सुट्टी घेऊन केलं होतं आणि त्यावर खूष होते. पहिला प्रवेश वाचून झाल्यावर श्याम, म्हणजे लेथवाला, आमचा राजा, हात वर करून म्हणाला, “मैडम, ये तो गेट पर चिपके नोटिस की भाषा है. राजा हमें काम से निकाल रहा है क्या?” सगळे हसले. मीही हसले, घरी जाऊन मात्र रडकुंडीला आले. वीस वर्षं सरकारी कागदांत घालवल्यावर माझी दासीसुद्धा ‘एतद्द्वारा सूचित’ करत होती. मग मला तुझं एक जुनं बोलणं आठवलं. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि बायका, नोकरचाकर प्राकृत बोलतात, यावर तू म्हणाली होतीस, “म्हणजे घरात जे खरं बोलत होते, ते प्राकृत. काहून लाजायचं?” पुढच्या रविवारी मी त्यांनाच विचारलं. त्यांनीच ठरवलं की राजानं नोटिशीचीच भाषा बोलायची आणि बाकीच्यांनी आपापल्या घरची. आता श्याम ‘निर्देशानुसार जल प्रस्तुत किया जाए’ म्हणतो आणि अख्खं वाचनालय हसतं. राजाला ते कळत नाही. नाटक तिथं उभं राहिलं. त्यात माझं श्रेय एवढंच, की मी माझे शब्द खोडले.

बाकी सगळं त्यांना समजावून द्यावं लागेल असं मला वाटलं होतं. नटानं रंगमंचावर एक गोल चक्कर मारली की तो दुसऱ्या गावी पोचला, हा संकेत समजवायला मी अर्धा तास राखून ठेवला होता. एक मिनिटही लागलं नाही. पात्र येताना दोघांनी समोर हातात धरायचा तो आडवा पडदा चंदानं स्वतः शिवला, तिच्या कारखान्यातल्या नापास झालेल्या चादरींच्या कापडातून. शिलाई इतकी सरळ आहे की तुझ्या आईंनी पाहिली तर तिला दोन साड्यांचे फॉल लावायला देतील.

चंदा आमची राणी. वय एकोणीस, पूर्णियाची, एक्स्पोर्टच्या चादरी शिवते, आणखी दोघींसोबत एका खोलीत राहते. गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा बाकीच्यांना प्रश्न पडला, की नवऱ्यानं बायकोला कसं ओळखलं नाही? चंदा म्हणाली, “मुँह देखा ही कब था? हमारा सुपरवाइज़र भी तो हाथ ही देखता है.” त्या क्षणी मी तिला राणी दिली. पाणी देण्याच्या प्रवेशात ती एक गोष्ट करते: राजा प्रश्न विचारतो, आणि ती पाणी ओतून होईपर्यंत बोलत नाही. तांब्या पूर्ण रिकामा होतो, मग बोलते. तेवढा वेळ खोलीत कुणी हलत नाही. ते मी तिला सांगितलेलं. त्याबद्दल पुढे लिहिते.

महोत्सवाचा संयोजक राजीव माझा जुना ओळखीचा. मागच्या महिन्यात तालीम बघून गेला. खूष झाला. पाण्याच्या त्या थांबण्याबद्दल त्यानं विचारलं, “ये पॉज़ तुम्हारा है?” मी हो म्हटलं. मग गेल्या शुक्रवारी त्याचा फोन आला. म्हणाला, पहिलाच प्रयोग आहे, मोठी माणसं येणार, मुलीची शिफ्ट ऐनवेळी बदलली तर काय करशील? माझ्याकडे नाट्यशाळेतली एक शिकलेली मुलगी आहे, पंधरा दिवसांत बसवेल. चंदाला दुसरं काहीतरी दे. मी फोनवर सगळा विचार केला: शिफ्ट, ओव्हरटाइम, बाकी दहाजणांचे कष्ट. सगळी कारणं खरी होती. मी बरं म्हटलं.

रविवारी मी चंदाला बाजूला घेऊन सांगितलं. अगदी मायेनं. म्हटलं, तू प्रॉम्प्टिंग कर, ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, “काग़ज़ मत दीजिए, मैडम. हमको तो सब याद है.” आणि जाऊन विंगेच्या जागी खुर्ची मांडून बसली.

लुंबिनी, ‘तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही’ हे वाक्य मी माझ्या तोंडातून बाहेर पडताना ओळखलं; तुलाही तेच म्हटलं होतं.

घरी येऊन मी दोन हजार तीनची डायरी काढली. मी सगळं लिहून ठेवते, म्हणजे खरंही लिहिलं असेल असं मला वाटत होतं. फेब्रुवारीची नऊ तारीख. स्पर्धेला आठ दिवस होते. तू राणी होतीस, दोन महिने तालमी झाल्या होत्या. हरीशसर तालीम बघायला आले आणि तुझ्यामाघारी मला म्हणाले, “दासीच्या वेषात ती शोभते गं, पण शेवटी राणी निघते, तेव्हा काय?” मी हसले नाही, हे मी वर्षानुवर्षं स्वतःच्या बाजूनं धरत आले. पण मी काही बोललेही नाही. आणि दुसऱ्या दिवशी राणी मीनाक्षीला दिली. तुला मी उच्चारांचं कारण सांगितलं आणि प्रॉम्प्टिंगला बसवलं. तुझ्या उच्चारांत काही नव्हतं. तू बोर्डात संस्कृतला माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त मिळवलेली मुलगी. सरांनी ते तुझ्या आडनावावरून म्हटलं हे मला तेव्हाही पुरतं कळलं होतं. डायरीत त्यातलं काही नाही. डायरीत आहे: ‘लुंबिनीनं समजून घेतलं. प्रश्न सुटला.’

प्रयोगात मीनाक्षी तिसऱ्या प्रवेशात वाक्यं विसरली आणि तू विंगेतून सगळं भाषण सांगितलंस, एकेक वाक्य पुढे सरकवत. टाळ्या मीनाक्षीला पडल्या. मी तुझ्या पाठीमागे उभी होते. तुझ्या हातातली वही मिटलेली होती.

सोमवारी ऑफिसातून लवकर निघून मी चंदाच्या कारखान्याच्या फाटकावर गेले. शिफ्ट सुटली तेव्हा दोनेकशे मुली एकदम बाहेर आल्या, सगळ्यांच्या डोक्यांवर सारख्याच निळ्या टोप्या, आणि मी, दोन वर्षं दर रविवारी तिला बघणारी बाई, तिला ओळखू शकले नाही. तिनंच हाक मारली. मी म्हटलं, माझं चुकलं, राणी तुझी आहे. मला वाटलं होतं ती खूष होईल. ती शांतपणे टोपीची घडी घालत म्हणाली, “सोचके बताएँगे, मैडम. आजकल ओवरटाइम है.” तिची मैत्रीण फिस्सकन हसली. मी रिक्षानं घरी आले. राजीवला फोन करून सांगितलं, चंदा नसेल तर प्रयोग नाही. तो म्हणाला, सोच लो यार. म्हटलं, या वेळी केलाय विचार.

मंगळवार गेला. काल संध्याकाळी ती वाचनालयात आली. तीस तारखेचा रविवार तिनं लाइनवरच्या एका मुलीशी बदलून घेतला होता आणि सुपरवायझरकडून तसं लिहूनही आणलं होतं. म्हणाली, आमच्या पॅकिंगच्या गुड्डीला मी राणीचं सगळं काम शिकवते, मला काही झालं तर ती करेल. बाहेरची कुणी नको. मी हो म्हटलं. आणि दुसरी अट: “प्रॉम्प्टिंग में आप बैठेंगी.” श्याम टाळी वाजवून ओरडला, “निर्देशानुसार!” मी त्याच खुर्चीवर बसले. पहिल्यांदाच अख्खं नाटक त्या खुर्चीतून पाहिलं. तिथून राणीचा चेहरा दिसत नाही गं, फक्त हात दिसतात. तू आठवडाभर तिथं बसली होतीस.

राजीवचा आज होकार आला. कुरकुरत, पण आला. तेव्हा आता एकच उरलं, आणि ते सांगण्यासाठीच इतकं लिहिलं. तुझी ती वही माझ्याकडे आहे. प्रयोगानंतर तू ती स्टुलावर ठेवून निघून गेलीस आणि महिन्याभरात खोलीही सोडलीस. मी ती परत केली नाही. दोन वर्षं मी या मुलांना जे शिकवते आहे ते त्या वहीतून. कडेला तुझे पेन्सिलीतले शेरे आहेत: ‘इथं वर बघायचं नाही.’ ‘चक्कर मारताना तांब्या डावीकडे.’ आणि पाण्याच्या प्रवेशाशेजारी, ‘पाणी ओतून होईपर्यंत राणी बोलत नाही. घाई राजाला आहे, तिला नाही.’ चंदाला काल मी ते पान दाखवलं. मराठी शब्द कळले नाहीत तरी तिनं त्यावरून बोट फिरवलं आणि विचारलं, “ये दीदी आएँगी क्या?” जाहिरातीवर दिग्दर्शनापुढे फक्त माझं नाव आहे. छपाई मी वीस तारखेपर्यंत थांबवली आहे. तुझं नाव तुला विचारल्याशिवाय घालणार नाही. एकदा तुला न विचारता सगळं ठरवलं तेवढं पुरे. तू नाही म्हणालीस तर ते नाहीच, आणि मी कारण विचारणार नाही. हो म्हणालीस तर आधी तुझं नाव. आणि अमरावतीहून यायचं जमलं, तर पुढच्या रांगेत एक खुर्ची आहे, जिथून चेहरा दिसतो. उत्तर दिलं नाहीस तरी वही तुझीच आहे. पाठांतर झालेलं आहे त्यांचं.

तुझीच,
स्वरूपा

(स्वरूपाची डायरी, त्याच रात्री. उद्याचं काम: ऑफिसला जाण्याआधी, पत्रासोबत मूळ वही स्पीड पोस्टानं लुंबिनीला.)