घोडा मूळचा कुठला

घाटकोपर, मंगळवार, १३ नोव्हेंबर १९५६

शनिवारी वर्गातल्या कुसुमने वहीत लिहिलं, घोडा मूळचा अमेरिकेतला. मी लाल पेन्सिलीने फुली मारली. "बाई, मी वाचलंय," म्हणाली, तर तिला गप्प बसवलं आणि 'घोडा मूळचा अरबस्तानातला' दहा वेळा लिहायला लावलं.

आज वाचनालयात प्राण्यांवरचं एक जाडजूड पुस्तक चाळलं. पोरीचंच खरं. घोडा तिकडेच जन्मला, तिथून आशियात आला. मागे राहिलेले सगळे संपले, आणि हजारो वर्षांनी तो जहाजातून परत गेला. मला हे ठाऊक कसं नाही?

हे म्हणाले, "सांगून टाक ना तिला, त्यात काय?"

त्यात काय. वही समोरच आहे. दहाही ओळी मोत्यासारख्या अक्षरात, आणि खाली त्याच लाल पेन्सिलीने माझा शेरा: छान.