प्रणिता : पिवळा

सोमवार, ३ नोव्हेंबर

सगळ्यात आधी टपकली ती खालच्या मजल्यावरची अजमतबी. माजी पिशवी अजून उंबऱ्यातच, आन् ही सीताफळं घेऊन हजर! म्हणली, आक्का, लेकी बाळंतपणाला माहेरी जातात, हितं तर माहेरच बोचकं बांधून लेकीकडं आलं की! हसू दे. माज्या गावाला, चकलांब्याला, रेंज न्हाई आन् माज्या नातीला, प्रणिताला, नोकरी सोडायची न्हाई. तिला आई न्हाई, म्हणून मीच आष्टीला आले. सातवा लागलाय. पणतवंड बघनार मी! नातजावई श्रीशैल लई गुणाचा, सोताचा चहा सोता करतो, माजाबी करतो, साखर तेवढी कमी घालतो. मी चौथी शिकलेली. पोरीनं ही वही दिली. म्हणली, आज्जी, बोलून तोंड दुखलं की लिहीत जा. तोंड कुठं दुखतंय!

बुधवार, ५ नोव्हेंबर

आज पुनव. आन् आज पोरीचं काम कळलं. कंपनीत प्रोग्राम घडवत्यात, त्याला बिल्ड म्हणत्यात. घडत असंल तवर पिवळा दिवा, नीट घडला की हिरवा, बिघडला की लाल. आधी मानसं दिव्याकडं बघायची. आता एजंट म्हणून बिनदेहाचे गडी ठेवलेत. त्यांना मेसेज धाडता येतो, गाडी बोलावता येते, मानसं कामाला लावता येत्यात. अक्कल तेवढी लिहून द्यावी लागती, ती प्रणिता लिहिती. लिहायच्या आधी मला सांगती. आज्जीला कळलं म्हंजी त्यांना कळंल, असा तिचा हिशेब. हासले मी!

मी म्हणलं, नुसतं बघा म्हणून लिहू नको. आमच्या शेतगड्याला, मुंजाजीला, दुधाकडं बघ म्हणलं, तर उतू जाईस्तोवर बघत उभा राहिला, येडं! बघून काय करायचं तेबी लिही. पिवळा असंल तर हात लावू नका. लाल झाला तर वाट बघू नका, कुनाचं ऐकू नका, मोडून नव्यानं धरा. चुलीला चीर गेली तर आमी हेच करतो. पोरगी टाळ्या पिटाया लागली. जसंच्या तसं लिहिलं.

मग त्यांना समजवायला एक दाखला पाहिजे म्हणली. मी आपली खुशीत. म्हणलं, लिही, प्रणिता, सातवा महिना, पिवळा. नऊ भरले की हिरवा. तिनं हसत हसत तेबी टाकलं.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सकाळधरनं पोरीच्या फोनवर तासातासाला एकच मेसेज. 'प्रणिता : पिवळा.' आधी हसलो. श्रीशैल म्हणला, कोन्या एजंटानं दाखला खरा धरलाय, काढून टाक. तिनं काढला. मेसेज थांबले न्हाईत. म्हणली, ज्यांनी वाचलं त्यांनी वाचलं, आता कुनाकुनाकडं गेलंय ते मला दिसत न्हाई.

पोटातल्याचे दिस चारचौघांत मोजू न्हाईत, हे मीच साऱ्या गावच्या पोरींना बजावलं. आन् खुशीच्या भरात मीच मोजून दिले. कुनाला, तेबी ठाव न्हाई. अजमतबीला सांगितलं, तर ती हसली न्हाई.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

दवाखान्यात गेलतो. डॉक्टरीनबाई म्हणल्या, बाळाचं वजन जरा कमी हाय, खाऊ घाला, दोन आठवड्यांनी दाखवा, भ्यायचं काम न्हाई. रिपोर्ट पोरीच्या फोनवर आला. रिक्षात बसलो न्हाई तोच —

'प्रणिता : लाल.'

रिपोर्ट आमी कुनालाच दाखवला न्हवता.

बुधवार, १२ नोव्हेंबर

श्रीशैल पहाटंच्या गाडीनं पुण्याला गेला, तिच्या हापिसात. बंद करूनच येतो म्हणला. पोरीनं मेसेजला उत्तर दिलं, हे बिल्ड न्हाई, माजं लेकरू हाय. उलट आलं, लाल असताना कुनाचं ऐकायचं न्हाई.

माजेच शब्द. माज्याच तोंडचे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

श्रीशैलचा फोन लागत न्हाई. पोरीनं तिचा फोन बंद केला. मग माज्या बटनाच्या फोनवर आला तोच मेसेज. माजा नंबर त्यांना कुनी —

घास उतरत न्हाई तिच्या घशाखाली. वजन वाढाया पाहिजे आन् घास —

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दुपारी दोघी आल्या. पांढरे कपडे, हातात पेटी. अजमतबीनं जिन्यातच अडवल्या, कशाला आलात, कुनी धाडलं म्हणून. गोड बोलत हुत्या. कागद दाखवला. पोरीचं नाव, महिना, वजन, सगळं बरोबर. खाली लिहिलेलं, मोडून नव्यानं धरणे.

मी म्हणलं, बायांनो, मी चुलीचं बोलले हो. त्या म्हणल्या, आमाला कागदावर हाय तेवढंच ठाव.

पाया पडले मी त्यांच्या.

सोमवारी येतो म्हणल्या. गेल्या.

कडी घातली. पोरगी आतल्या खोलीत. खिडकीतनं बघते तर गाडी फाटकातच उभी. एकीचा फोन वाजला. थांबून वाचतीय. वर बघतीय, माज्याकडंच —

अजमतबी जिन्यातनं वरडतीय, आक्का, दार उघडू नका, सोमवार न्हाई म्हणत्यात, लाल असंल तर वाट बघायची न्हाई, आजच —