बाल्कनीतलं कॅन्सास

३ फेब्रुवारी २००९, मंगळवार

घराचे दोन तुकडे झाले! थोरल्या आभाला शाळेत प्रोजेक्ट आहे: गुलामीवरून अमेरिकेत यादवी कशी पेटली. किचन उत्तर, हॉल दक्षिण. आमचे नवरोबा विजयकुमार सोफ्यासकट दक्षिणेत. "रिमोट आमच्याकडे, आम्ही फुटलो!" धाकटी शुभ्रा बाल्कनीत, म्हणजे कॅन्सास, नवं राज्य. तिथे गुलामी असावी की नसावी, यावरच सगळं भांडण. दोन्हीकडून लाच चालू. "आय नीड मोअर चिप्स टु डिसाइड."

४ फेब्रुवारी

ऑफिसात आमचा मजूर दगडू आला, अल क्वोजच्या लेबर कॅम्पातून. आई साताऱ्याला हॉस्पिटलात. "मॅडम, पासपोर्ट द्या की. म्हातारी वाट बघतीया." कामगारांचे पासपोर्ट माझ्या कपाटात असतात. रजेवर जायचं तर ज्याचा पासपोर्ट स्वतःकडे आहे अशा कुणीतरी तो जामीन म्हणून ठेवायचा, अशी आमची पद्धत. आखातातल्या या मंदीत कोण ठेवणार? मॅनेजर मोहिद्दीनभाई म्हणाले, "रूल तो रूल है. यल्ला, नेक्स्ट!" मी दगडूला "इन्शाल्ला" म्हटलं. म्हणजे नाही. त्यालाही ते कळलं.

५ फेब्रुवारी

आभाला विचारलं, उत्तर-दक्षिणेत एवढ्या तडजोडी झाल्या, तरी युद्ध कसं झालं? "मम्मा, दे जस्ट पोस्टपोन्ड इट." मग म्हणे कायदा आला: पळून आलेला गुलाम उत्तरेतल्यांनीच पकडून द्यायचा. 'आमचा काय संबंध' म्हणणारेही त्यात आले. तिथून बिनसत गेलं.

दगडू गुलाम नाही. पगार मिळतो. (हे वाक्य तीनदा खोडलं.)

६ फेब्रुवारी, शुक्रवार

विजयला सांगितलं, माझा पासपोर्ट ठेवते. युद्ध! खरंखुरं! "मंजू, आमच्याकडे रोज एकाची नोकरी खलास! तो परत नाही आला तर? तुझीही गेली, तर चौघांनी बाल्कनीत राहायचं?" मी लाटणं उगारून बोलत होते, हे नंतर लक्षात आलं. शुभ्रा आत डोकावली. "कॅन्सास इज क्लोज्ड."

८ फेब्रुवारी

सकाळी जामीन म्हणून दिलेला माझा पासपोर्ट मोहिद्दीनभाईंनी परत केला. "जो कपाट सांभाळतो, त्याचाच जामीन कैसे चलेगा?" हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज.

विजयला सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला.

९ फेब्रुवारी

आज ऑफिसात दगडूच्या मागे रांगेत विजयकुमार! पासपोर्ट पुढे केला. "जामीन मी."

नियमाप्रमाणे फॉर्मवर विचारावं लागतं, म्हणून विचारलं, "नातं काय?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्यांदाच भेटत होते.