मारुतीपाशी लागणारी तहान

९ मार्च ७१, भोर
कोट आले. जुन्या बाजारातले, लाल. माझ्या बाह्या बोटांवर येतात. दगडूदादा म्हणाला, वाढशील. चोवीस वर्षांचा घोडा मी, आता काय वाढणार! दादाचं ट्रंपेट, सदाचं क्लॅरनेट, माझा ड्रम. वस्तीचा पहिला बँड. दादाचे वडील, आबा, पालखीपुढे हलगी वाजवायचे. धम्मदीक्षा घेतली त्या साली ती नीरेत सोडली. देवापुढे पुन्हा वाजवायचं नाही. बँडलाही तोच नियम.

२ एप्रिल
लग्नं मिळताहेत. लोक 'लाल बँड' म्हणून विचारत येतात. पंचाईत एकच, नवरदेव मारुतीला जातो तेव्हाची. देऊळ दिसलं की दादा खूण करतो आणि तिघांना तहान लागते. विहिरीकडे पळायचं. तो पाया पडून बाहेर आला की तहान भागते. सुपारी घेताना दादा हे सांगत नाही. सांगितलं तर बोलावणार कोण?

५ मे
विंझरचं लग्न. संपलं बहुतेक. मारुतीच्या दारातच नवऱ्याच्या मामाने भरलेली घागर आणून ठेवली. "प्या हितंच, पोटभर. मंग वाजवा." सगळे थांबलेले. दादा पाणी प्यायला, ट्रंपेट काखेत घातलं, उभा राहिला. मीही. सदाने वाजवलं. एकट्याने, डोळे मिटून. वाईट हे की फार सुंदर वाजवलं.
एस.टी.त दादा पुढे, सदा मागे. मी मधे, ड्रम मांडीवर.

८ मे
सदा आला. दादा एवढंच बोलला, "आबांनी हलगी सोडली, ती काय जड झाली म्हनून?"
"व्हय दादा. पन मला दुसरं काई येत न्हाई."
कोट घडी करून ठेवला, गेला. मला रडू आलं.

२० मे
दादा आता मारुतीचं आधीच सांगून टाकतो. लोक चहा पितात, जातात.

२८ मे
बाजारात सदा भेटला. दुसरा बँड, निळा कोट. परवा हिर्डोशीला लग्न, ड्रमला माणूस नाही. "चल. मारुतीपाशी तान लागली तर जा पानी प्यायला. मी काई बोलनार न्हाई."
येताना दादाकडे डोकावलो. चिंचेने ट्रंपेट घासत बसला होता. कुठली सुपारी, विचारलं. "कुठली न्हाई. काळं पडतं." मी सदाचं काढलंच नाही.
वाजवायचं नसलं की ड्रमच्या दोऱ्या सैल कराव्या लागतात, नाहीतर चामडं फाटतं. मघापासून पुढ्यात घेऊन बसलोय. अजून हात लावला नाही.